अणुऊर्जेला ‘लोकांचा पाठिंबा’ म्हणजे नक्की कोणाचा?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या वेळी देशाची क्षमता ९ गिगावॅटपेक्षाही कमी होती आणि एकूण विजेत अणुऊर्जेचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. म्हणजे येत्या काळात नवे प्रकल्प, नवे भूसंपादन आणि ‘जनतेचा पाठिंबा आहे’ हे वाक्य वारंवार ऐकायला मिळणार. म्हणून हा पाठिंबा कसा मोजला जातो, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे.

जिथे थेट मतदान झाले

काही देशांनी हा प्रश्न सार्वमताने सोडवला. ऑस्ट्रियात १९७८ साली झ्वेन्टेनडॉर्फ येथील प्रकल्प बांधून तयार होता, पण ५०.५ टक्के लोकांनी विरोधात मत दिले आणि तो कधीच सुरू झाला नाही. स्वीडनमध्ये १९८० च्या सार्वमतात तीन पर्याय होते आणि तिन्ही अणुऊर्जा बंद करण्याचेच होते. फरक होता तो मुख्यतः वेगाचा आणि मालकीचा. पुढे २०१० मध्ये तिथल्याच संसदेने जुन्या अणुभट्ट्यांच्या जागी नव्या उभारायला परवानगी दिली. इटलीने चेर्नोबिलनंतर १९८७ मध्ये आणि फुकुशिमानंतर २०११ मध्ये, असा दोनदा नकार दिला.

उलट उदाहरणही आहे. कझाकस्तानच्या सेमिपालातिन्स्क भागात सोव्हिएत काळात ४५० हून अधिक अणुचाचण्या झाल्या. तरीही ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात सुमारे ७१ टक्के मतदारांनी अणुवीज प्रकल्पाला होकार दिला. तैवानमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये बंद प्रकल्प पुन्हा सुरू करण्याच्या बाजूने बहुसंख्य मते पडली, पण कायद्याने ठरवलेली किमान मतसंख्या न गाठल्याने प्रस्ताव फेटाळला गेला.

यावरून दिसते की, लोकमत कायमचे ठरलेले नसते. अपघात, वीजटंचाई, दर आणि प्रश्नाची शब्दरचना यांनुसार ते बदलते. अनेक देशांच्या सर्वेक्षणांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचा पाठिंबा कमी आढळतो, हेही लक्षात ठेवावे.

जैतापूरचा धडा

भारतात अणुऊर्जेवर सार्वमत कधीच झाले नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पात ९,९०० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे. माडबन परिसरातील बहुतेक जमीनमालकांनी सुरुवातीला मोबदल्याचे धनादेश नाकारले. एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. २०१३ मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांवर नेल्यावर अनेकांनी तो स्वीकारला. हा ‘बदललेला कल’ म्हणून मांडला गेला. पण साखरी नाटे येथील मच्छीमारांचा विरोध कायम राहिला. प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची त्यांना भीती होती आणि समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो.

मुद्दा इथेच आहे. जमिनीचा मोबदला स्वीकारणे म्हणजे गावाचा पाठिंबा असे मोजले, तर भूमिहीन शेतमजूर, मच्छीमार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया या हिशेबातच येत नाहीत. आपल्या समाजातील मोठा वर्ग आजही भूमिहीन आहे, हे वेगळे सांगायला नको.

कायदा काय सांगतो

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातील ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत भूमिहीन मजूर आणि मच्छीमारही येतात. याच कायद्यात ज्यांची जमीन जाते अशा बाधित कुटुंबांपैकी खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के कुटुंबांच्या संमतीची अट आहे, मात्र सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती नाही. पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी हरकती नोंदवण्यासाठी असते, तिथे मतदान होत नाही.

अणुऊर्जेत कोळशाचा धूर नाही, हवामान बदलाच्या काळात तिची बाजू मांडणारेही प्रामाणिक असू शकतात. प्रश्न बाजू कोणती घ्यावी एवढाच नाही. ‘इतके टक्के लोक अनुकूल’ अशी बातमी वाचली की विचारा : कोणाला विचारले, शहरात की प्रकल्पाच्या गावात? प्रश्न काय होता? ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांना विचारले का? जनसुनावणी झाली असेल, तर तिचे इतिवृत्त मागवून वाचा. आपल्या वस्तीची हरकत त्यात लेखी नोंदली गेली आहे का, ते आधी पाहा.