घडीचा कॅमेरा आणि प्रवासातली मोठी निगेटिव्ह

सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीच्या, पाठीशी कागदाचे अस्तर असलेल्या रोल फिल्मवरील छायाचित्रणाला ‘मीडियम फॉरमॅट’ म्हणतात. या फिल्मचा १२० क्रमांकाचा प्रकार कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये ब्राउनी मालिकेतील एका पेटीवजा कॅमेऱ्यासाठी आणला आणि तो आजही बाजारात मिळतो. सुरुवातीच्या काळात हौशी प्रवाशाला मोठी निगेटिव्ह हवी असे ती केवळ चित्राच्या तपशिलासाठी नव्हे. निगेटिव्ह मोठी करून छापणारे एन्लार्जर यंत्र सर्वांच्या आवाक्यात नसल्याने ती थेट कागदावर ठेवून त्याच आकाराची ‘कॉन्टॅक्ट प्रिंट’ काढली जाई, आणि सहा बाय नऊ सेंटिमीटरची अशी प्रत अल्बममध्ये लावण्याजोगी होई. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याने पुढे मराठी घरांतही १२० फिल्म पोहोचवली. जुन्या अल्बमांतील लहान चौकोनी कृष्णधवल फोटो अनेकदा तिच्यावरचेच असतात.

मोठ्या निगेटिव्हची अडचण तिच्या रुंदीपेक्षा खोलीत आहे. सहा बाय नऊच्या चित्रासाठी साधारण दहा सेंटिमीटर केंद्रांतराची लेन्स लागते, म्हणजे लेन्स फिल्मपासून जवळजवळ तितकीच दूर ठेवावी लागते, आणि मधली सगळी जागा निव्वळ अंधाराची, रिकामी असते. घडीच्या कॅमेऱ्याने ही रिकामी जागाच मिटवली: लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये चामड्याचा किंवा कापडाचा चुण्यांचा भाता बसवला, की काम संपल्यावर लेन्स आत ढकलून झाकण लावता येते आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. निगेटिव्हला धक्का न लावता सामान हलके करण्याची इतकी सरळ युक्ती छायाचित्रणाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

तिची किंमत मात्र अचूकतेत मोजावी लागे. उघडलेली लेन्स फिल्मशी समांतर राहिली नाही तर चित्राची एक बाजू धूसर होते. शिवाय अंतर नजरेनेच अजमावावे लागे. झाइस आयकॉनच्या १९३४ च्या सुपर इकोंटाने दुसऱ्या अडचणीवर फार सुंदर तोडगा काढला. लेन्सशेजारच्या लहानशा दांडीत पाचरीच्या आकाराच्या दोन काचा एकमेकींच्या उलट दिशेने फिरत, दंतचक्रांनी लेन्सशी जोडलेल्या असत, आणि झरोक्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की लेन्सही योग्य अंतरावर आलेली असे. अंतर मोजणारा हा भाग लेन्सच्याच बाजूला असल्याने त्याचा लेन्सशी असलेला यांत्रिक दुवा भात्यातून न्यावा लागत नसे. भाता झटक्यात उघडला तर आतली हवा विरळ होऊन फिल्म पुढे ओढली जाते, म्हणून जाणकार कॅमेरा आधी सावकाश उघडत आणि मगच फिल्म पुढच्या चित्रावर नेत.

ब्राउनश्वाइगच्या १९२९ च्या रोलायफ्लेक्सने, एक लेन्स पाहण्यासाठी आणि दुसरी चित्रासाठी वापरून, घडीऐवजी मजबुतीचा मार्ग धरला. लायकाने १९२५ पासून रुळवलेला ३५ मिलिमीटरचा कॅमेरा निगेटिव्हच लहान करणारा होता. फिल्म सुधारत गेली, रंगीत पारदर्शिका आल्या, तसे घडीचे कॅमेरे १९६० च्या आसपास मागे पडले. तरी सहा बाय सहाची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून मोठी असते, हा हिशेब बदलला नव्हता. त्यामुळेच १९७९ मध्ये प्लाउबेल माकिना ६७ हा कैचीसारख्या आधारांवर भाता उघडणारा कॅमेरा निक्कोर लेन्ससह आला, १९८३ मध्ये फुजीचा जीएस६४५ आला, आणि १९८९ च्या मामिया ६ ने तर लेन्सची अदलाबदल शक्य ठेवून तिचा माउंट आत ढकलण्याची सोय केली. आज जुना घडीचा कॅमेरा निवडणाऱ्याने लेन्सच्या नावाआधी भात्याचे कोपरे तपासणे शहाणपणाचे ठरते; अंधाऱ्या खोलीत आत विजेरी धरली की चुण्यांवर झिजून पडलेली सुईएवढी भोके बाहेरून लगेच दिसतात, आणि चित्रावर उमटणारे प्रकाशाचे डाग बहुधा तिथूनच आलेले असतात.