रणांगणावर गेलेली घरची पत्रे

पहिल्या महायुद्धाचा इतिहास आपण वाचतो तो सेनापतींच्या खलित्यांतून. परंतु त्याच टपालाच्या थैल्यांतून आणखी एक इतिहास समुद्रापार जात होता. तो होता शिपायाच्या घरून आलेल्या पत्रांचा.

हिंदी फौजा १९१४ च्या सप्टेंबरात मार्सेय बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातून येणाऱ्या टपालात राजद्रोहाचा मजकूर असेल या धास्तीने सरकारने तपासणी सुरू केली. कॅप्टन हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली बूलोन येथे हे काम चाले. पुढे शिपायांची जाणारी पत्रेही उघडली जाऊ लागली. १९१५ च्या मार्चापर्यंत तीच आठवड्याला दहा ते वीस हजार भरत. तपासनिसांनी करून ठेवलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्या पाळतीने माणसांचे खाजगी बोलणे चोरून ऐकले, तिनेच ते जपूनही ठेवले, हा दैवाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. मराठा पायदळाच्या पलटणी फ्रान्सला न जाता मेसोपोटेमियात गेल्या. यास्तव त्या संग्रहात पंजाबचा आवाज मोठा आहे.

हे आवाज तरी कोणाचे? १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात दर हजार पुरुषांत सुमारे १०६ आणि दर हजार स्त्रियांत अवघ्या १० साक्षर होत्या. म्हणजे आईने सांगावे, गावच्या पंतोजीने अथवा पोस्टमनने लिहावे, वाटेत तपासनिसाने वाचावे, आणि पलटणीतल्या एखाद्या लिहित्या गड्याने चारचौघांत मोठ्याने म्हणून दाखवावे, असा त्या कागदाचा प्रवास. पत्नीची स्थिती त्याहून अवघड. पतीचे नाव उच्चारावयाचे नाही, लिहिणारा परपुरुष, आणि शेजारी सासरे बसलेले! तिचे मनोगत सासऱ्यांच्या 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद' या मायन्याखाली, शेवटच्या ओळीत, मुलाच्या प्रकृतीच्या निमित्ताने येई; पुष्कळदा तेवढेही नाही. असे पत्र कोरडे वाटले तर दोष त्या माउलीचा नव्हे.

घरच्या पत्रांत मजकूर बहुधा व्यवहाराचा असे. शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये. त्यातून घरी लावून दिलेली रक्कम मिळाली की नाही, भाऊबंदांनी बांध कोरला काय, पाऊस कसा, मुलीचे लग्न कोणी ठरवावे, रजा केव्हा मिळेल. युद्धभूमीवरील माणसाला हे क्षुल्लक वाटत असेल, असे समजू नये. खंदकात बसूनही तो घरचा कर्ता पुरुषच होता, आणि शेताच्या वादात त्याचा शब्द मागितला जाई, यातच त्याला आपण जिवंत असल्याची खूण पटत असावी.

आपल्याकडे मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडण्याची रीत होती. असे पत्र वाचताच नष्ट करीत. घरात ठेवीत नसत. दूरदेशी असलेल्या मुलाचा जीव खचू नये म्हणून कित्येकदा ते धाडलेच जात नसे. 'इकडील सर्व क्षेम' एवढेच लिहिले जाई.

कूत-अल-अमारा येथे १९१५ च्या ७ डिसेंबरला वेढा पडला. त्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली. पुष्कळ हिंदी शिपायांना वाळवंट तुडवीत रास-अल-ऐनपर्यंत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपले. त्यांतील शेकडो परतले नाहीत. तुर्कांशी तहकुबी झाली ती ३० ऑक्टोबर १९१८ रोजी. नेमक्या त्याच महिन्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने पश्चिम हिंदुस्थानातील गावेच्या गावे ओस पडत होती. तुरुंगवासातून सुटून जे घराकडे निघाले, त्यांच्यापाशी घरचे म्हणून जे शेवटचे अक्षर होते, त्यात सर्व क्षेमच लिहिलेले असणार.