घरच्या घरी मोटारीची अंतर्गत स्वच्छता : सीमाभागातील माती, तंबाखू आणि पावसाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी हा पट्टा आणि घाटाखालचा गोवा यांच्यातील ये-जा नित्याची आहे. चोर्ला आणि अनमोड घाटांतून भाजीपाला, दूध, पाहुणे आणि विद्यार्थी यांची वाहतूक होते. या प्रवासात मोटारीच्या आत तांबडी धूळ, काळा चिखल, ओलावा, मासळीचा वास आणि निपाणी परिसरात तंबाखूचा भुगा साचत जातो. बाहेरून गाडी धुण्याची सवय बहुतेकांना असते; आतील स्वच्छता मात्र सणावारापुरती राहते. ही स्वच्छता केवळ शोभेची बाब नाही. बंद मोटारीतील हवेचे आकारमान लहान खोलीपेक्षाही कमी असते आणि त्या हवेत लहान मुले व वृद्ध तासन्‌तास बसतात. थोडी पद्धतशीर माहिती असल्यास हे काम घरच्या घरी, अल्प खर्चात आणि सुरक्षितपणे करता येते.

पूर्वतयारी

घरातील धूळ ओढणारे यंत्र (व्हॅक्यूम क्लीनर), मऊ केसांचा रंगाचा ब्रश, पाच-सहा मायक्रोफायबरची फडकी, जुना दातांचा ब्रश, सौम्य द्रवरूप शांपू, पांढरे व्हिनेगर, खाण्याचा सोडा, रबरी हातमोजे आणि नाक-तोंड झाकणारा मुखपट्टा एवढे साहित्य पुरेसे आहे. एक लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा शांपू हे मिश्रण बहुतेक कामांस पुरते. जास्त साबण घातल्यास तो गादीत राहतो आणि पुढे अधिक धूळ धरून ठेवतो.

काम सकाळी, सावलीत आणि कोरड्या दिवशी सुरू करावे, म्हणजे दुपारच्या उन्हात गाडी वाळते. सर्व दरवाजे उघडे ठेवावेत. मात्र आतील दिवे बंद करावेत, अन्यथा बॅटरी उतरते. गाडीतील सर्व वस्तू आणि पायपुसण्या बाहेर काढाव्यात. कामाचा क्रम छताकडून जमिनीकडे आणि कोरड्याकडून ओल्याकडे असावा. आधी धूळ ओढून घ्यावी, नंतरच ओले फडके लावावे. हा क्रम उलटा झाल्यास धुळीचा चिखल होऊन तो कापडात मुरतो.

दोन मातींचे दोन डाग

बेळगाव शहर, खानापूर आणि घाटाकडील भागात जांभ्या दगडापासून बनलेली तांबडी माती आहे. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. हा रंग ब्लीचिंग पावडरने जात नाही; उलट सीटच्या कापडाचा मूळ रंग मात्र उडतो. तांबड्या चिखलाचा डाग पडल्यास तो ओला असताना चोळू नये. पूर्ण वाळू द्यावा, ब्रशने सैल करावा, यंत्राने ओढून घ्यावा आणि उरलेला डाग शांपूच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टिपावा. टिपताना कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे डाग पसरत नाही.

निपाणी-चिक्कोडीकडील काळी माती चिकण असते. ती ओली असताना बुटांना चिकटून गाडीत येते आणि वाळल्यावर तिचे कठीण खडे होतात. हे खडे नखाने किंवा सुरीने खरवडल्यास गालिचाचे धागे तुटतात. रबरी पायपुसणी बाहेर पाण्याने धुवावी. गालिच्यावरील खडे बोटांनी मोडून यंत्राने ओढावेत. पावसाळ्यात कापडी पायपुसणीऐवजी काठ असलेली रबरी पायपुसणी वापरल्यास बराचसा चिखल गालिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

सीट, पट्टे आणि डॅशबोर्ड

सीटच्या कापडाखाली जाड फोम असतो. तो स्पंजासारखे पाणी धरतो आणि आमच्याकडील पावसाळी हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून सीटवर पाणी ओतू नये. ओलसर फडक्यानेच काम करावे. सीटखाली दिसणारे पिवळ्या रंगाचे जोड सामान्यतः एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. ते ओढू नयेत, सोडवू नयेत आणि त्यांवर पाणी पडू देऊ नये. ज्या गाड्यांच्या सीटच्या बाजूस एअरबॅग बसवलेली असते, त्यांना बाजारातील घट्ट रेक्झिनची आवरणे घालू नयेत. अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडण्यास ती अडथळा ठरतात.

सुरक्षापट्टा पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवून ठेवावा, शांपूच्या पाण्याने पुसावा, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्यावा. ब्लीच किंवा तीव्र रसायनांनी पट्ट्याचे धागे कमकुवत होतात आणि ही कमजोरी डोळ्यांना दिसत नाही.

डॅशबोर्डवर चकाकी आणणारे तेलकट पॉलिश टाळावे. त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि घाटातील वळणांवर ते त्रासदायक ठरते. पडद्याच्या काचेवर सॅनिटायझर किंवा व्हिनेगर फवारू नये. किंचित ओलसर मऊ फडके पुरेसे असते. काच आतून पुसताना उभ्या दिशेने आणि बाहेरून आडव्या दिशेने पुसावी. ओरखडा कोणत्या बाजूस राहिला ते लगेच कळते.

वास ओळखून उपाय

गाडीत सुगंधी डबी टांगणे हा वासावरचा उपाय नव्हे. वासाचे मूळ ओळखले तर घरातील दोन स्वस्त पदार्थ पुरतात. दूध सांडून आंबले की आम्लधर्मी वास येतो. त्यावर खाण्याचा सोडा चालतो. बेळगावच्या कुंद्याचा डबा प्रवासात कलंडला तर त्यात दूध, साखर आणि तूप तिन्ही असतात. अशा डागावर प्रथम थंड पाणी वापरावे, कारण गरम पाण्याने दुधातील प्रथिने कापडात घट्ट बसतात. साखर व प्रथिने निघाल्यावर तुपासाठी कोमट शांपूचे पाणी वापरावे आणि शेवटी वाळलेल्या जागेवर सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवावा. सकाळी यंत्राने तो ओढून घ्यावा.

याउलट गोव्याहून येताना आणलेल्या मासळीचे पाणी सांडले तर त्यातील वास अल्कधर्मी संयुगांचा असतो. येथे सोडा फारसा कामाचा नाही. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी या मिश्रणाने ती जागा टिपावी. आम्लामुळे ही संयुगे पाण्यात विरघळून निघतात. आगळ किंवा लिंबू लावून मासळीचा वास घालवण्याची स्वयंपाकघरातील रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. गाडीत मात्र आगळ वापरू नये, त्याचा रंग बसतो.

तंबाखू : धुळीइतकेच साधे समजू नये

निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या आंदोलनाने हे नाव देशभर पोहोचले. वखारीत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवरून, पोत्यांवरून आणि बियाण्या-खतांसोबतच्या ने-आणीतून तंबाखूचा बारीक भुगा घरच्या मोटारीत येतो. तीच मोटार सकाळी मुलांना शाळेत सोडते. हा भुगा सीटच्या शिवणीत, गालिच्यात आणि वातानुकूलन यंत्रणेच्या गाळणीत साचतो.

तंबाखूतील निकोटिन पाण्यात विरघळते आणि ओल्या त्वचेतून शरीरात जाऊ शकते. शेतात ओली पाने हाताळणाऱ्यांना मळमळ, उलटी, चक्कर आणि डोकेदुखी होते ती याच कारणाने. म्हणून असा भुगा उघड्या हातांनी ओल्या फडक्याने पुसू नये. हातमोजे आणि मुखपट्टा लावून तो प्रथम कोरडाच ओढून घ्यावा. झाडूने झाडल्यास भुगा हवेत उडतो. यंत्राची पिशवी घरापासून दूर रिकामी करावी. त्यानंतर व्हिनेगरच्या वरील मिश्रणाने प्लास्टिक व कापडी भाग पुसावेत. निकोटिन अल्कधर्मी असल्याने आम्ल त्याचे पाण्यात सहज विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर करते. पुसलेले फडके पुन्हा त्याच बादलीत बुडवू नये; पाणी वारंवार बदलावे. लहान मुलांना या वेळी गाडीपासून दूर ठेवावे.

गाडीत विडी किंवा सिगारेट ओढली जात असेल तर धूर गेल्यानंतरही निकोटिनचा थर छतावर, काचांवर आणि सीटवर राहतो. काचेच्या आतील पिवळसर चिकट पडदा ही त्याची खूण होय. छत पुसताना फार ओले करू नये. छताचे कापड गोंदाने चिकटवलेले असते आणि भिजल्यास ते लोंबू लागते. अशा गाडीतील हवेची गाळणी बदलल्याखेरीज वास जात नाही. बहुतेक गाड्यांत ही गाळणी डावीकडील खणाच्या मागे असते. वर्षातून एकदा, अथवा निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरानंतर ती बदलावी. तंबाखूच्या किंवा मातीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनी त्याहून लवकर पाहावी. वखारीतून परतणाऱ्यांनी वरचा सदरा बदलूनच गाडीत बसणे आणि पोती डिकीत ताडपत्रीत गुंडाळून नेणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.

पावसाळा आणि बुरशी

कणकुंबी, जांबोटी, खानापूर आणि संपूर्ण गोव्यात पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने दमट राहते. भिजलेला गालिचा किंवा सीट २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरते. ओली छत्री व रेनकोट गाडीत ठेवू नयेत. मुक्काम येण्यापूर्वी चार-पाच मिनिटे वातानुकूलन बंद करून पंखा चालू ठेवावा. आतील ओलावा निघून जातो आणि सकाळचा कुबट वास कमी होतो.

गालिचा पुन्हा पुन्हा ओला होत असेल तर तो पुसण्याआधी कारण शोधावे. समोरच्या काचेखालील जाळीत झाडांची पाने अडकल्यास पावसाचे पाणी आत उतरते. दरवाजाच्या खालच्या कडेची छिद्रे चिखलाने बुजल्यास पाणी दारात साचते. पुढच्या प्रवाशाच्या पायाशी वास नसलेले स्वच्छ पाणी दिसल्यास वातानुकूलन यंत्राची निचरा नळी तुंबलेली असू शकते. पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर ते इंजिन थंड ठेवणारे द्रव्य आहे असे समजून गाडी दुरुस्तीस न्यावी.

बुरशी दिसल्यास एन-९५ मुखपट्टा लावावा. कोरड्या ब्रशने घासू नये, बीजाणू उडतात. शांपूच्या पाण्याने ओलसर करून पुसावे, फडके टाकून द्यावे, नंतर व्हिनेगरचे मिश्रण लावून कडक उन्हात दारे उघडी ठेवून वाळवावे. फोमच्या आत बुरशी गेली असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम जाणकाराकडे सोपवणे योग्य.

पुराचे पाणी शिरले असल्यास

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर येऊन वाहतूक थांबली होती. पुराच्या पाण्यात सापडलेली मोटार घरी स्वच्छ करण्याच्या मोहात पडू नये. त्या पाण्यात गटाराचे पाणी, तेल आणि मातीही असते. इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, छायाचित्रे काढावीत आणि प्रथम विमा कंपनीस कळवावे. विजेवर चालणारी गाडी असेल तर तिच्या नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये. निर्मात्याच्या अधिकृत केंद्रास कळवावे.

हे कदापि करू नये

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रव व्हिनेगरमध्ये मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू तयार होतो. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. तोही ब्लीचबरोबर घातक वायू निर्माण करतो. उघड्या अंगणात हे धोकादायक असते, मोटारीच्या बंद जागेत ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे गाडीच्या आत ब्लीच वापरूच नये. सॅनिटायझरच्या बाटल्या आणि दाबाखालील फवारे उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना बंद गाडीतील तापमान तासाभरात ५० अंशांपलीकडे जाते.

वेळापत्रक

आठवड्यातून एकदा पायपुसण्या झटकाव्यात आणि आतील कचरा काढावा. महिन्यातून एकदा धूळ ओढून डॅशबोर्ड, सुकाणू, दारांच्या मुठी व काचा पुसाव्यात. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या सुमारास, सीट व गालिच्यासह संपूर्ण स्वच्छता करावी. मे महिन्यातील स्वच्छतेच्या वेळी निचऱ्याच्या जागा मोकळ्या कराव्यात. दसऱ्याच्या वेळी हवेची गाळणी पाहावी. खंडेनवमीला गाडीची पूजा आपल्याकडे घरोघर होते. त्याच्या आदल्या रविवारी हे काम उरकल्यास सणाच्या दिवशी घाई होत नाही आणि गाडी पूर्ण वाळलेली असते.