साच्याची सत्ता

विमानाची लहान प्रतिकृती करावयाची म्हटली की ती खऱ्या, आकाशात उडून गेलेल्या, लष्कराच्या नाही तर एखाद्या विमान कंपनीच्या दफ्तरात नोंद असलेल्या विमानाचीच असावी, हा संकेत या छंदात कित्येक दशके इतक्या निमूटपणे पाळला गेला की तो छंदाचा धर्मच आहे, असे पुष्कळांना वाटत आले. वस्तुतः त्याचे मूळ सत्यनिष्ठेत नव्हते, पोलादी साच्याच्या किमतीत होते. आज एखादा तरुण टेबलावरच्या यंत्रातून, कोणत्याही देशाच्या वायुदलाला ठाऊक नसलेल्या विमानाचे धड आणि पंख रेझिनच्या थरावर थर चढवून काढतो आणि महिनाभर ते रंगवीत बसतो, तेव्हा जे स्वातंत्र्य तो उपभोगीत असतो त्याचा इतिहास म्हणजे या साच्याच्या सत्तेला क्रमाक्रमाने लागलेली ओहोटी होय.

प्रारंभी साचा नव्हताच. १९३२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्स’ नावाने लाकडी विमानांचे संच विकले जाऊ लागले आणि त्यांनी एकास बहात्तर हे प्रमाण रूढ केले. सहा फूट उंचीचा वैमानिक त्यात बरोबर एक इंचाचा होतो, म्हणून इंच-फुटांत विचार करणाऱ्या मुलखाला ते सोयीचे वाटले आणि आजतागायत टिकले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या उडणाऱ्या खेळण्यांच्या कारखान्याने न उडणाऱ्या विमानांची वेगळी मालिका काढली आणि तिला विनोदाने ‘पेंग्विन’ हे नाव दिले. सेल्युलोज ॲसिटेटचे हे सुटे भाग म्हणजे प्लास्टिक विमानसंचांचा आरंभ. पण ते द्रव्य कालांतराने वाकडे होई. पुढे युद्ध आले आणि या पोरखेळाला सरकारी महत्त्व प्राप्त झाले. शत्रूचे विमान आणि आपले विमान आकृतीवरून ओळखता यावे म्हणून अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती कोरून घेण्याची योजना आखली, आणि तीही एकास बहात्तर याच प्रमाणात. ज्या छंदाला असे युद्धाचे बाळकडू मिळाले, त्यात विमान म्हणजे कोणत्या तरी सैन्याचे विमान, ही समजूत खोल रुजली यात नवल नाही.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे सुबक आणि स्वस्त प्लास्टिक हाती आले, आणि साच्याचे राज्य खऱ्या अर्थाने सुरू झाले. वितळलेले प्लास्टिक प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवावयाचे, ते थिजले की साच्याची दोन दळे उघडून भाग बाहेर काढावयाचे, या पद्धतीने एका साच्यातून लाखो नग निघतात आणि एकेका नगाची किंमत पोराच्या खाऊच्या पैशांत बसते. मात्र तो साचा कोरण्याचा खर्च इतका जबर की हजारो गिऱ्हाइकांची आगाऊ खात्री असल्यावाचून कोणीही शहाणा कारखानदार त्यात हात घालीत नाही. एअरफिक्सचीच कथा पाहावी. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये लंडनमध्ये काढलेल्या या कंपनीने प्रथम हवा भरलेली खेळणी केली, मग फण्या केल्या, आणि १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली ती त्या ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज वुलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना पिशवीत घालून विकले गेले आणि मागोमाग स्पिटफायर विमान आले. फणी असो वा स्पिटफायर, ज्याला मागणी निश्चित त्याचाच साचा. न उडालेल्या विमानाला इंग्लंडात गिऱ्हाईक कोठून मिळणार?

हीच गोष्ट जपानात घडली, आणि तेथेच ती मोडलीही. शिझुओका या शहरी लाकूडकामाची जुनी परंपरा होती. तामिया ही कंपनीसुद्धा १९४६ मध्ये लाकडाच्या व्यापारासाठीच स्थापन झाली, लाकडी जहाजे-विमाने करू लागली, आणि १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेच्या संचाने प्लास्टिककडे वळली. अवतीभवती हासेगावा, आओशिमा असे कारखाने उभे राहून ते शहर या व्यवसायाची पेठ झाले. तेथेही काल्पनिक यंत्रांना साचा लाभे तो दूरचित्रवाणीने आधी कोट्यवधी डोळ्यांसमोर ती नाचवली असतील तरच. १९८० मध्ये बांदाईने तीनशे येनला विकावयास काढलेला ‘गुंडाम’ हा यंत्रमानव त्याचा ठळक दाखला. याचा अर्थ इतकाच की, कल्पनेलाही साच्यापुढे उभे राहण्याआधी लोकप्रियतेचा दाखला सादर करावा लागे. एकट्या माणसाच्या डोक्यातील विमानाचा अर्ज दाखलच होत नसे.

त्या अर्जाला पहिली वाट करून दिली ती सिलिकॉन रबराने. १९८० च्या आसपास जपानातील काही हौशी मंडळी हाताने घडवलेल्या मूळ आकृतीवर सिलिकॉन ओतून मऊ साचा तयार करू लागली आणि त्यात पॉलियुरेथेनचे दोन द्रव एकत्र करून ओतू लागली. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात ज्याने क्षणभर डोकावले असेल त्याला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही: एक कसबी कारागीर मूळ मूर्ती घडवितो, तिच्यावरून रबराचा साचा होतो, साच्यातून एकसारख्या मूर्ती निघतात, आणि शेवटी आखणी करणाऱ्याच्या हातून प्रत्येकीला निराळी नजर मिळते. रबराचा साचा वाकतो, म्हणून पोलादी साच्यात अडकून बसतील असे आतल्या अंगाला वळलेले आकारही त्यातून सुखरूप निघतात. परंतु तो अल्पायुषी असतो, काही डझन नग काढले की फाटतो. म्हणजे खर्च थोडा, आयुष्य थोडे, आणि गिऱ्हाईकही थोडेच हवे. अशा संचांना ‘गॅरेज किट’ हे नाव पडले आणि ओसाकाच्या काइयोदोसारखी लहान दुकाने त्यांची ठाणी बनली. संच उघडल्यावर मात्र घेणाऱ्याची परीक्षा असे. साच्याला लावलेले तेलकट द्रव्य साबणाने धुवावे लागे, वाकलेला पंख गरम पाण्यात धरून सरळ करावा लागे, हवेच्या बुडबुड्यांची भोके बुजवावी लागत, आणि पॉलिस्टायरीनला जोडणारे नेहमीचे सिमेंट येथे निरुपयोगी असल्याने सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरावी लागे.

१९८५ पासून भरणाऱ्या ‘वंडर फेस्टिव्हल’ या मेळ्याने या घरगुती उद्योगाला जी व्यवस्था दिली ती कोणाही जुन्या कारकुनाला हेवा वाटावा अशी आहे. चित्रपटातील वा मालिकेतील विमान कोणी घडवून विकावयाचे तर मूळ हक्कदाराची परवानगी हवी. ती प्रत्येक हौशी माणसाने स्वतंत्रपणे मिळवणे अशक्य. तेव्हा मेळ्याच्या चालकांनी हक्कदारांशी बोलून केवळ त्या एका दिवसापुरता, त्या एका जागेपुरता, ठरावीक नगांपुरता परवाना देण्याची पद्धत बसवली. सूर्यास्ताबरोबर सनद बरखास्त. कायद्याचा मान राहिला आणि हौशीचा श्वासही कोंडला नाही. असा समंजस तोडगा अन्य देशांतील मोठमोठ्या हक्कदारांना सुचलेला फारसा दिसत नाही.

याच काळात काल्पनिक विमानांना त्यांचा सर्वांत मोठा चित्रकार भेटला. हायाओ मियाझाकी यांचा जन्म १९४१ चा. त्यांच्या घराण्याचा कारखाना युद्धकाळात ‘झीरो’ लढाऊ विमानांचे भाग बनवी, म्हणून विमानाची आसक्ती आणि युद्धाची घृणा ही दोन्ही त्यांच्याकडे बालपणापासून एकत्रच आली. १९८४ च्या ‘नाउसिका’ चित्रपटातील पांढरे, पक्ष्यासारखे ‘मेवे’ हे विमान संपूर्ण कल्पित होते. हाचिया काझुहिको या कलावंताने त्याच घडणीचे, माणसाला वाहून नेणारे यंत्र बांधून २०१३ मध्ये जेट इंजिनाच्या बळावर ते उडवूनही दाखविले. पण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे ते ‘पोर्को रोस्सो’मधील तांबडे जलविमान. हा चित्रपट १९९२ चा असला तरी त्याचे मूळ मियाझाकींनी ‘मॉडेल ग्राफिक्स’ या प्रतिकृतिकारांच्याच मासिकात रंगविलेल्या चित्रमालिकेत आहे. म्हणजे ते विमान पडद्यावर येण्यापूर्वी छंदिष्टांच्या पानांवर उतरलेले होते. त्याला दिलेले ‘साव्होया एस. २१’ हे नाव खऱ्या इटालियन शर्यतीच्या विमानाचे, पण आकृती निराळी. पंखावर उंच चढविलेले इंजिन आणि होडीसारखे धड पाहून १९२५ च्या श्नायडर करंडकाच्या शर्यतीत उतरलेल्या ‘माक्की एम. ३३’ ची आठवण जाणकारास होतेच. जेम्स डूलिटल यांनी ज्या ‘कर्टिस’ विमानाने ती शर्यत जिंकली, ते चित्रपटात प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिले आहे. खऱ्याच्या शेजारी खोटे असे बेमालूम बसविले की खोट्यालाही वंशावळ प्राप्त होते. या दोन्ही विमानांचे संच तोयोहाशी येथील ‘फाइन मोल्ड्स’ या छोट्या कंपनीने काढले.

आता शेवटचा टप्पा. आणि त्याचा आरंभही जपानातच आहे. नागोयाच्या महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेतील हिदेओ कोदामा यांनी १९८० मध्ये, प्रकाश पडताच घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर रचून वस्तू घडविण्याच्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. परंतु अर्जाची पुढची पायरी मुदतीत पूर्ण न झाल्याने हक्क हातचा गेला. १९८४ च्या जुलैत फ्रान्समधील तिघा संशोधकांनी असाच अर्ज केला, तो त्यांच्याच वरिष्ठांना निरर्थक वाटून सोडून देण्यात आला. आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी अमेरिकेत चक हल यांनी केलेला अर्ज १९८६ मध्ये मंजूर होऊन एका नव्या उद्योगाचा पाया ठरला. दफ्तरी दिरंगाईने इतिहासाची दिशा कशी बदलते याचा याहून लख्ख दाखला शोधूनही सापडणार नाही. तथापि त्रिमितीय छपाईची ही यंत्रे दीर्घकाळ मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यातील होती. २०१२ नंतर ती टेबलावर आली, आणि पडद्यातून गाळून घेतलेल्या जांभळट प्रकाशाने एकेक थर एकदम थिजविणारी स्वस्त यंत्रे आल्यापासून तर ती मध्यमवर्गीय घरात शिरली.

साचा अशा रीतीने नाहीसा झाला. कष्ट मात्र नाहीसे झाले नाहीत. मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतके पातळ थर असले तरी वक्र पंखावर त्यांच्या पायऱ्या दिसतात, त्या पॉलिश पेपरने घासून आणि प्रायमर मारून घालवाव्या लागतात. छापताना भाग लोंबकळू नये म्हणून दिलेल्या आधाराच्या काड्या कापल्यावर बारीक फोड उरतात. पोकळ धडाला निचऱ्याचे भोक ठेवले नाही तर आत कोंडलेले ओले रेझिन पुढे केव्हा तरी ते धड फोडून बाहेर येते. ओले रेझिन कातडीला बाधते, म्हणून हातमोजे घालून, अल्कोहोलमध्ये धुऊन, पुन्हा प्रकाशात पक्के केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

आणि मग रंग. खऱ्या विमानाचा रंगारी हा एका अर्थी नक्कलनवीस असतो. अमुक तुकडीचे, अमुक महिन्यातील, अमुक छायाचित्रातील विमान समोर ठेवून तो हिरव्याची छटा जुळवितो आणि चुकला तर त्याला चूक दाखविणारे दहा पंडित भेटतात. काल्पनिक विमानाच्या रंगाऱ्यापुढे छायाचित्र नसते. त्याला आधी त्या विमानाचे चरित्र रचावे लागते. हे जलविमान समुद्रावर किती वर्षे राहिले, त्याचा धनी श्रीमंत की फटिंग, कोणता पत्रा बदलला आणि कोणता नुसता ठोकून घेतला, हे ठरविल्याखेरीज एक ठिपकाही टाकता येत नाही. तांबडे विमान घेतले, तर करड्या प्रायमरवर तांबडा रंग मेल्यासारखा दिसतो, म्हणून खाली गुलाबी किंवा गेरूसारखा थर द्यावा; त्याची सावली काळ्याने करू नये, कारण मग तो मळकट विटकरी होतो, तर जांभळट तपकिरीने करावी आणि उजेडाच्या कडांना नारिंगी झाक द्यावी. त्यावर चकचकीत वार्निश, मग पातळ केलेला तैलरंग पत्र्यांच्या सांध्यांत सोडून उरलेला पुसून घ्यावयाचा. पाण्याच्या रेषेपाशी क्षाराचे पांढुरके पट्टे, इंजिनामागे धुराची काजळी, वैमानिक जेथे पाय ठेवून चढतो तेथे उडालेला रंग. ही जीर्णतेची कला १९७० नंतर बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हेर्लिंडेन यांच्यासारख्यांनी रणगाड्यांवर आणि युद्धदृश्यांवर रुजविली, आणि पुढे स्पेनमधील रंगाऱ्यांनी ती इतकी नाटकी केली की कधीकधी विमान विमान न राहता गंजाचे प्रदर्शन होते. माझे मत असे की, काल्पनिक विमानाला याचे पथ्य अधिक हवे. ज्याचा भूतकाळच खोटा, त्याच्या अंगावरचा प्रत्येक डाग सकारण असला पाहिजे.

खोटा भूतकाळ रचण्यात गैर काही नाही. तो खरा म्हणून विकण्यात आहे. ‘वैमानिकशास्त्र’ या नावाने प्राचीन म्हणून खपविल्या गेलेल्या ग्रंथाची गोष्ट आपल्याकडे सुपरिचित आहे. सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सांगितलेल्या त्या मजकुरासाठी १९२३ मध्ये बंगलोरच्या एका आराखडाकाराने ‘रुक्म’, ‘शकुन’ इत्यादी विमानांच्या आकृत्या काढल्या, आणि १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी ती विमाने उडण्यास सर्वथा अपात्र असल्याचा निष्कर्ष दिला. परंतु प्रतिकृतीचा विषय म्हणून पाहिले तर ते थरांचे, घुमटाचे ‘रुक्म’ विमान मोठे देखणे आहे. कोणी ते कल्पित म्हणूनच प्रामाणिकपणे घडविले आणि रंगविले, तर त्याला माझ्याकडून शाबासकी मिळेल.

पोलादी साच्याला एक गुण होता, तो म्हणजे दीर्घायुष्य. १९७० च्या दशकात फ्रॉगचा कारखाना बुडाला तेव्हा त्याचे साचे सोव्हिएत संघात गेले, मात्र जर्मनी-जपान आदी अक्षराष्ट्रांच्या विमानांचे साचे त्या सरकारने नाकारले आणि ते रेव्हेल कंपनीकडे गेले. इतका तपशीलवार जमाखर्च आज मिळतो तो साचे आणि त्यांचे कागद राहिले म्हणून. घरच्या यंत्रातून निघालेल्या विमानाचा ना साचा उरतो, ना खोका, ना सूचिपत्र. तेव्हा अशी विमाने करणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे: आकृती कोणाची, रेझिन कोणते, रंग कोणते आणि काम कोणत्या साली पुरे झाले, एवढे प्रतिकृतीच्या पाटाखाली न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहून ठेवावे.