सूर्य मावळला, मग?

दहावीत मी अलंकार मार्कांपुरते पाठ केले. 'सारखा' दिसलं की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. चक्क इफ-एल्स!

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक, यमक. १६व्या शतकात अप्पय दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ते शंभरावर गेले. पण त्याआधीच, ९व्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सांगून टाकलं होतं की काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ.

११व्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त याचं झकास उदाहरण दिलंय. वाक्य एवढंच: सूर्य मावळला. गुराख्यासाठी त्याचा अर्थ 'गुरं घरी आण', कामकऱ्यासाठी 'काम थांबव', प्रेयसीसाठी 'निघ भेटायला'. वाक्य एक, अर्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा. आमचा कंपायलर इथे हात टेकेल.

गेल्या रविवारी आई फोनवर म्हणाली, "गच्चीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात." मी "अरे वा" म्हणून फोन ठेवला. रात्री मम्मट वाचताना ट्यूब पेटली. चार महिने मी घरी गेलेलो नाही.

असो. शुक्रवारचं एसटीचं तिकीट काढलंय.