लॉर्ड मेयो यांचा ठराव आणि नाशिकचा लोकल फंड

सहावे अर्ल ऑफ मेयो, रिचर्ड साउथवेल बर्क, यांचे नाव आपल्याकडे बहुधा त्यांच्या मृत्यूमुळेच निघते. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात शेर अली आफ्रिदी या बंदिवानाने त्यांचा खून केला. त्यांच्या अर्थनीतीकडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले.

१८२२ साली डब्लिन येथे जन्मलेले मेयो आयरिश जमीनदार वर्गातील होत. १८४७ मध्ये, आयर्लंड दुष्काळाने पोळत असता, ते किल्डेअरतर्फे पार्लमेंटात गेले व पुढे हुजूरपक्षाच्या राजवटीत तीनदा आयर्लंडचे मुख्य सचिव झाले. तेथे रस्ते इत्यादींसाठी 'काउंटी सेस' घेतला जाई. तो मुख्यतः कुळे भरीत आणि त्याचा विनियोग जमीनदारांची 'ग्रँड ज्युरी' ठरवी. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जानेवारी १८६९ मध्ये मेयो व्हाइसरॉय झाले तेव्हा खजिन्यात तूट होती. प्राप्तिकर वाढविण्यात आला. त्याने असंतोष मात्र माजला. अखेर १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यक, रस्ते आदी खाती ठराविक अनुदानासह प्रांतांकडे सोपविण्यात आली. अनुदानाची एकूण रक्कम आदल्या वर्षाच्या खर्चाहून कमी होती. उरलेले प्रांतांनी काटकसरीने किंवा स्थानिक करांनी भागवावयाचे होते. डॉ. आंबेडकरांनी १९२५ च्या आपल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात या व्यवस्थेचे मूळ मध्यवर्ती सरकारच्या आर्थिक अडचणीत शोधले आहे, ते यथार्थच होय.

अहमदनगर व खानदेशातील तालुके मिळून नाशिक जिल्हा बनला तो १८६९ मध्ये. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेण्याचा कायदा झाला. त्याचे दोन भाग रस्त्यांना व एक भाग शाळांना जाई. म्हणजे सिन्नरचा वा मालेगावचा रयत मेयो यांच्या ठरावापूर्वीच स्थानिक कराचा भार वाहत होता. फंडाच्या समितीचा अध्यक्ष कलेक्टर असे, आणि सभासद अधिकारी किंवा सरकारने नेमलेले असत. कर भरणारा एक आणि खर्च ठरविणारा दुसरा, ही रीत आयर्लंडच्या जमीनदाराला अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते! कलकत्त्याहून निघालेला अधिकार मुंबईपर्यंत आला व तेथेच थांबला. लोकल फंडाच्या कारभारात निवडून आलेल्या सभासदांचा प्रवेश होण्यास रिपन यांचा १८८२ चा ठराव व त्यामागोमाग १८८४ चा मुंबईचा लोकल बोर्ड कायदा यावा लागला.