निशातगंजचं धुराडं

लखनौला बदली झाली तेव्हा छावणीत फॅमिली क्वार्टरची यादी लांब होती. मुलीची शाळा तर सुरू झालेली. म्हणून बाहेर घर शोधलं आणि गोमतीपलीकडे निशातगंजमध्ये एका जुन्या घराची माडी भाड्याने घेतली. निशातगंज म्हणजे नंबर लावलेल्या गल्ल्या. पत्ता सांगायचा तो पहिली गली, पाचवी गली असाच. लागूनच पेपर मिल कॉलनी आहे. लखनौमध्ये १८७९ साली अपर इंडिया कूपर पेपर मिल निघाली होती, त्या काळाची आठवण या नावात राहिली आहे.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, सगळी गल्ली त्यांना अम्माजी म्हणायची. घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. ते रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते. साहेबांच्या बंगल्यांतून फायली घेऊन जाता-येता त्यांनी तिथली शेगडी पाहिली आणि आपल्या घरातही तशीच करून घेतली. खालच्या बैठकीत एक, बरोबर तिच्या वर माडीत दुसरी, आणि दोन्हींना मिळून एकच धुराडं. तिकडे अशा भिंतीतल्या शेगडीला आतिशदान म्हणतात. माडीतलं आतिशदान कधीच प्लायवूड ठोकून बंद केलेलं होतं. आम्ही त्याच्यासमोर कपाट लावलं आणि विसरून गेलो.

जानेवारीत लखनौची थंडी काय असते ते आपल्याकडच्या माणसाला सांगून पटत नाही. रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, धुक्यात समोरची गच्ची दिसत नाही, आणि ऊन चार-चार दिवस पडत नाही. त्याच दिवसांत मुलगी सकाळी डोकं धरून उठायला लागली. शाळेत गेली की बरी व्हायची. आम्हाला वाटलं सर्दी. आलं-गवती चहाचा काढा सुरू केला. एका पहाटे तिला उलटी झाली आणि तिच्याशेजारी झोपलेली बायको म्हणाली, "अहो, माझंही डोकं जड झालंय. उभं राहवत नाही."

हे ऐकलं आणि मला काश्मीरमधला बंकर आठवला. ज्यांनी बर्फात ड्यूटी केली आहे त्यांना बुखारी सांगायला नको. झोपण्याआधी बुखारी विझवायची, हवेची वाट मोकळी ठेवायची, हा हुकूम रोज असायचा. तरी एका रात्री आमच्या पलटणीतल्या एका पोराला आम्ही बेशुद्ध अवस्थेत ओढून बाहेर बर्फावर आणलं होतं. वाचला तो. कोळशाच्या धुमसत्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखतं आणि बाहेर गेल्यावर थांबतं, ही त्याची खूण. ती खूण पंधरा दिवस माझ्या घरात होती आणि मी काढे उकळत होतो.

खिडक्या उघडल्या, दोघींना गच्चीवर नेलं आणि खाली धावलो. अम्माजींच्या बैठकीत, आतिशदानात, कोळशाची अंगीठी रात्रभर धुमसत होती. त्या म्हणाल्या, "बेटा, हमारी सास भी यहीं रखती थीं, गैस ऊपर निकल जाती है।" त्यांचं काही चुकलं नव्हतं. उघड्या खोलीत अंगीठी ठेवणाऱ्यांपेक्षा त्या शहाण्याच होत्या. दगा दिला होता धुराड्याने. त्या दिवशी दोघींना डॉक्टरांना दाखवून आणलं, अंगीठी अंगणात ठेवली, आणि रविवारी मी धुराडं तपासायला घेतलं. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये शिकलेलं काही तरी घरी उपयोगी पडायला हवं होतं.

पण आधी हे धुराडं इथं आलं कसं, ते सांगतो. त्यावाचून त्याचं दुखणं कळत नाही.

उत्तर हिंदुस्थानी घराची मूळ रीत अंगीठीची, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या आगीची. हवा खेळती अंगणातून आणि झरोक्यांतून. आपल्या वाड्यांतही स्वयंपाकघरावर धूर जायला वाट ठेवत. भिंतीत आग बसवून तिच्यासाठी विटांची नळी छताबाहेर काढायची, ही पद्धत इथल्या साध्या घरांत साहेबांच्या बंगल्यांवरून आली. लखनौच्या रेसिडेन्सीत गेलात तर पडक्या भिंतींमध्ये आतिशदानांचे कोनाडे अजून दिसतात. १८५७ च्या ३० जूनला चिनहटची लढाई हरून इंग्रज तिथं कोंडले गेले. हेन्री लॉरेन्स याच रेसिडेन्सीत तोफगोळ्याने जखमी झाला आणि ४ जुलैला मेला. त्याआधीची छावणी शहराच्या उत्तरेला मडियांवला होती. ३० मेच्या रात्री उठाव तिथूनच पेटला. बंड मोडल्यावर छावणी दिलकुशाच्या बाजूला वसवली गेली आणि बंगलेही तिकडे उभे राहिले. पुढच्या पिढ्यांत वकील, डॉक्टर, रेल्वेचे बाबू यांनी त्या बंगल्यांचे जमतील ते तुकडे आपल्या घरांत आणले. कुणी व्हरांडा आणला, कुणी आतिशदान.

आणलं, पण त्याचं शास्त्र सोबत आलंच असं नाही. धुराडं चालतं ते उंचीवर आणि उष्णतेवर. आतली हवा गरम होऊन हलकी होते, वर चढते आणि मागून खोलीतली हवा ओढते. हे नीट मांडणारा काउंट रम्फर्ड हा आपल्यासारखाच वर्दीतला माणूस. जन्म अमेरिकेतला, लढला इंग्रजांच्या बाजूने, पुढे बव्हेरियाच्या सैन्यात चढला. १७९६ मध्ये त्याने लिहिलं की शेगडी उथळ करा आणि तिचा गळा चार इंचांवर आणा, म्हणजे धूर खोलीत न येता वर जाईल. आमच्या घरात मात्र दोन मजल्यांच्या दोन तोंडांना एकच नळी होती. आग मोठी आणि नळी मोकळी असेपर्यंत ते निभलं.

आता तपासणी. ज्यांच्याकडे जुनं घर आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. मी बाहेरून आत, वरून खाली असा गेलो.

गच्चीवर पहिला ओळंबा सोडला. धुराडं दोन बोटं कललेलं होतं. घराचा हा सगळ्यात उंच आणि सगळ्यात एकटा भाग. ऊन, पाऊस, भूकंपाचा हादरा तो चारही बाजूंनी खातो. मग दरजा पाहिल्या. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर काही ठिकाणी चुना वाळूसारखा गळत होता आणि काही ठिकाणी सिमेंट दगडासारखं घट्ट होतं. नवल म्हणजे चुन्याच्या दरजांमधल्या विटा शाबूत होत्या. सिमेंट भरलेल्या भागात विटांचेच पापुद्रे सुटले होते आणि पांढरा लोणा फुटला होता. एका भेगेतून पिंपळाचं रोप निघालेलं. आणि डोक्यावर, नळीच्या तोंडावर, पाऊस येऊ नये म्हणून कोणी तरी सिमेंटची फरशी बसवलेली. एका कोपऱ्यात चार बोटं फट ठेवली होती, तीही कबुतरांनी घरटं करून बुजवली होती.

माडीत कपाट हलवलं. प्लायवूडच्या कडेने तपकिरी डाग उतरला होता, जुन्या चहासारखा. काजळीत ओल मिसळून भिंतीतून झिरपली की असा डाग येतो. फळी काढून आरसा आणि टॉर्च आत धरली. आकाश दिसायला हवं होतं, दिसला अंधार. कोळशाची आग मंद, नळी थंड, वरचं तोंड बंद. वायू वर चढला आणि पहिली फट मिळाली तिथं शिरला. ती फट माझ्या मुलीच्या उशापासून सहा फुटांवर होती.

मिस्त्री मिळाले ते जुन्या चौकातले, सत्तरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी सिमेंटवर नख मारलं आणि म्हणाले, "ईंट नरम, मसाला सख़्त। बेचारी साँस कहाँ से ले?" सगळं त्यात आलं. जुनी वीट मऊ, पाणी पिणारी. चुन्याची दरज तिच्याहून मऊ असते, म्हणून ओल दरजेतून बाहेर पडते आणि झिजायचं ते दरज झिजते. वीट वाचते. वीस-तीस वर्षांनी दरज पुन्हा भरायची, एवढंच. सिमेंट भरलं की ओल विटेतूनच निघते, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात आणि वीट फुटते. आपल्या देशात पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट तयार व्हायला लागलं आणि स्वातंत्र्यानंतर ते गल्लोगल्ली पोचलं. त्यानंतर चुना मळायला वेळ कोणाला? पण याच शहरात १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून असफउद्दौल्याने सुरू केलेला बडा इमामबाडा उभा आहे. त्याचं पन्नास मीटर लांबीचं दालन तुळईविना आहे. सगळं काम पातळ लखौरी विटांचं आणि चुन्याचं.

दुसरं कारण मला नंतर उमगलं. धुराडं आगीने जितकं बिघडतं, त्याहून जास्त आग बंद झाल्यावर बिघडतं. रोजच्या उबेने नळी कोरडी राहते. रॉकेलचे स्टोव्ह आले, गॅस आला, विजेचे हीटर आले, आतिशदान थंड पडलं. मग पावसाची ओल आत मुरली, कोळशाच्या जुन्या काजळीतला गंधक त्या ओलीत मिसळून चुना खाऊ लागला. वर-खाली तोंडं बंद केल्यावर तर सुकायची वाटच उरली नाही.

काम फेब्रुवारीत झालं. फरशी उतरवली, तीन घमेली घाण काढली. पिंपळ मुळासकट काढला. वरचे पाच थर सुटे झाले होते, ते उतरवून त्याच विटांनी पुन्हा रचले. दरजा इंचभर खोल खरवडल्या, धुतल्या आणि चुना-सुरखीने भरल्या. आठवडाभर ओली पोती गुंडाळून ठेवली, कारण चुना घाईने वाळला तर भुसा होतो. नळीच्या आत हात पोचेल तिथवर चाचांनी चुन्यात शेण कालवून गिलावा दिला. मला हसू आलं, पण पूर्वी विलायतेतही धुराड्याला आतून चुना-शेणच लावत. माडीतलं तोंड विटा-चुन्याने कायमचं बंद केलं. एका नळीला एकच आग. डोक्यावर चार बुटके खांब, त्यावर वीतभर उंच दगडी टोपी आणि कबुतरांसाठी जाळी.

मग धुराची परीक्षा. खाली ओलं गवत पेटवलं, चाचांनी वरचं तोंड ओल्या पोत्याने झाकलं, आणि मी माडीत भिंतीला नाक लावून बसलो. पहिल्या वेळी छताजवळ एक बारीक रेघ धुरली. ती भरून आठ दिवसांनी पुन्हा केली. काही आलं नाही.

पुढच्या डिसेंबरात अम्माजींनी आंब्याची सुकी लाकडं लावून आतिशदान पेटवलं. मी अट घातली होती की लाकूड जळेल ते माणूस जागा असेपर्यंतच, आणि रात्रीची कोळशाची अंगीठी घरात नाही, नळी दुरुस्त असली तरी नाही. त्यांनी मान्य केलं. माझी मुलगी त्यांच्या मांडीशी बसून शेंगदाणे खात होती. तरी पहिले दोन-तीन दिवस मी रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकत होतो.

मित्रांनो, निवृत्तीनंतर आपल्यापैकी अनेकजण जुनी घरं घेतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत अशा शेगड्या आहेत, आणि महाबळेश्वरला तर पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. शेगडी शोभेची वाटली तरी दिवाळीआधी एकदा आरसा धरून वर बघा. आकाश दिसलं तरच काडी लावा. दुरुस्ती करणारा गवंडी सिमेंटची गोणी घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि चुना आणायला परत पाठवा. आणि घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं तर काढा नंतर करा, आधी खिडकी उघडा.

जय हिंद.